गटारीचे कोंबडे माघातच ओळखता येतात का?

पौषातली म्हसा गावची म्हशाची जत्रा सरली की मुरबाड-शहापूरकडे कोंबड्या रवणाला (अंडी उबवायला) बसवायची घाई सुरू होते. हिशेब साधा आहे. आज बसवलेली अंडी २१ दिवसांनी माघात फुटणार आणि गावठी कोंबडा विकायजोगा व्हायला पाच-सहा महिने, म्हणजे थेट गटारी. अंड्यांसाठी पाळणाऱ्याला मात्र तलंगा, म्हणजे तरुण माद्या हव्यात, म्हणून पिल्लू हातात आलं की प्रश्न तोच: नर की मादी?

एका दिवसाच्या गावठी पिल्लात ते आपल्याला कळत नाही. गेल्या वर्षी एका फिरत्या विक्रेत्याने पंख पसरून दाखवले, "सगळ्या माद्या आहेत, दादा" म्हणाला आणि मी तीस पिल्लं घेतली. चैत्र संपता संपता त्यातली चौदा बांग द्यायला घसा साफ करू लागली! पंखाची खूण खोटी नाही, पण ती त्याच हिशेबाने जोड्या लावलेल्या जातींत चालते. तिथे मादीच्या पंखाची मुख्य पिसं त्यांना झाकणाऱ्या वरच्या पिसांपेक्षा लांब असतात. नराची दोन्ही सारखी, नाहीतर वरचीच लांब. तेही पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसतं. गावठीत रक्ताची सरमिसळ असल्याने हा नियम लागू पडत नाही.

शेपटीखाली दाबून बघायची रीत जपानमधून आली. मोठ्या हॅचरीत ते काम शिकलेली माणसं करतात. आपण दाबायला गेलो तर पिल्लू मरायचं. लांबट अंड्यातून नर निघतो, हे तर सोडूनच द्या.

सहा ते आठ आठवडे थांबा. एकाच रवणातली दोन पिल्लं सकाळच्या उजेडात शेजारी धरा. नराचा तुरा रुंद आणि लालसर झालेला असतो, पाय जाड. तलंगेचा तुरा बारीक, फिकट. शंका असेल त्याच्या पायात रंगीत दोरा बांधा (पाय वाढतो, दोरा दर आठवड्याला सैल करा) आणि बाराव्या आठवड्याला कमरेवरची पिसं बघा. नराची टोकदार, चकचकीत, मादीची गोलसर.

तोवर पिल्लं जगली पाहिजेत. विकत आणलेल्यांना पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब द्या. एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय, चोची उघडून लांब पळाली तर बल्ब वर घ्या.

घेताना निम्मे नर धरूनच भाव करा. पुढे दहा तलंगांमागे एक दांडगा कोंबडा ठेवा. बाकीचे गटारीआधी काढा. श्रावणात गिऱ्हाईक फिरकत नाही, खाद्य मात्र रोज लागतं.