स्पेक्ट्रमवर सोलापुरी चादर विणायची कशी

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण सोलापुरात साखर पेठेत एका मित्राच्या घरी जमतो, टेबलावर झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा जुना घरगुती कॉम्प्युटर, शेजारी जुना टीव्ही, चहा, आणि मग दुपारी जेवायला हाका येईपर्यंत कुणी उठत नाही. येणारे-जाणारे विचारतात, काय करता बे त्या डबड्यावर एवढं? प्रत्येकाला तोंडी सांगून होत नाही म्हणून हे लिहितोय. वाचून झालं की तुम्हीसुद्धा स्क्रीनभर सोलापुरी चादरीसारखी नक्षी काढू शकाल, आणि ती एका फटक्यात रंग कशी बदलते तेही बघाल. कॉम्प्युटरचं शिक्षण नसलं तरी चालतंय.

आधी मशीनची ओळख. सिंक्लेअर कंपनीनं हा स्पेक्ट्रम १९८२ ला इंग्लंडमध्ये काढला. आत झेड-८० ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झचा, आणि मोठ्या मॉडेलला ४८ के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरी. ४८ के म्हणजे किती, तर मोबाईलवर सकाळी येणारा एक शुभ सकाळचा फोटोसुद्धा बहुतेक वेळा त्यात मावायचा नाही. भारतात डेसिबेल्स कंपनीनं १९८६ पासून लायसन्स घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला, त्यामुळं आपल्याकडं जुन्या सामानात सापडला तर बहुतेक तोच सापडतो, कडक कळांवाला. रबरी कळांवालं मूळ मॉडेल परदेशातून कुणी आणलेलं असेल तरच.

मशीन नसेल तर अडून बसू नका. कॉम्प्युटरवर फ्यूज नावाचा फुकटचा एम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम मिळतो, त्यात बेसिक, म्हणजे स्पेक्ट्रमवर प्रोग्राम लिहायची भाषा, हुबेहूब तीच. माझं स्पष्ट मत असं की आधी महिनाभर एम्युलेटरवर हात बसवा आणि मगच खऱ्या मशीनला पैसे घाला, कारण खरं मशीन म्हणजे म्हातारं माणूस आहे, त्याची काळजी घ्यावी लागते.

खरं मशीन मिळालंच तर पहिलं काम अ‍ॅडाप्टर. हे नीट वाचा कारण मी इथंच मार खाल्लाय. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं, पण त्याच्या पिनची पोलॅरिटी उलटी असते, म्हणजे मधला भाग निगेटिव्ह आणि बाहेरचा पॉझिटिव्ह. बाजारात मिळणारे बहुतेक अ‍ॅडाप्टर मधे पॉझिटिव्ह असतात. मला एका दुकानात सांगितलं, ९ व्होल्टचा कुठलाही चालतो, घेऊन जा बिनधास्त, आणि मी मीटर न लावता घरी येऊन जोडला. टीव्हीवर काहीच आलं नाही. मेमरीच्या जुन्या चिपांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात, ते बनवणारा भागच आतमध्ये उडाला होता. दुरुस्तीला दोन महिने गेले आणि त्या दोन महिन्यात मला रविवार नकोसा वाटायचा. म्हणून मल्टीमीटर लावून बघितल्याशिवाय जोडायचं नाही, कुणी काहीही सांगू दे.

अ‍ॅम्पिअरही बघा, साधारण दीड अ‍ॅम्पिअरचा घ्या. आणि आपल्या एप्रिल-मे मध्ये दुपारी मशीन लावूच नका, आतला व्होल्टेज रेग्युलेटर एरवीच तापतो, त्यात आपलं ऊन. आम्ही सकाळी आठला सुरू करतो आणि टेबल फॅनचं तोंड मशीनकडं ठेवतो.

टीव्हीचं सोपं आहे. आपल्याकडं इंग्लंडसारखीच पाल सिस्टीम आणि ५० हर्ट्झची वीज असल्यामुळं जुना ट्यूब टीव्ही लगेच जमतो, अँटेनाच्या सॉकेटला वायर लावायची आणि यूएचएफ चॅनेल ३६ च्या आसपास शोधायचं. नवीन पातळ टीव्हीवर चित्र लागत नसेल तर टीव्ही मेकॅनिककडून स्पेक्ट्रमच्या आतून व्हिडिओची वायर बाहेर काढून घ्या, त्यांना तासाभराचं काम आहे. चालू केल्यावर पांढऱ्या स्क्रीनवर खाली सिंक्लेअरची १९८२ ची कॉपीराइटची ओळ आली की मशीन जिवंत.

आता टायपिंग. इथं नवीन माणूस हमखास गोंधळतो. स्पेक्ट्रमवर कमांड अक्षर-अक्षर टाईप करायची नसते, एका कळीला अख्खा शब्द येतो. ओळीच्या सुरुवातीला कर्सर 'के' दाखवतो, तेव्हा पी दाबलं की प्रिंट, एफ दाबलं की फॉर, ओ ला पोक, एन ला नेक्स्ट, आर ला रन. शब्द येऊन गेला की कर्सर 'एल' होतो, मग साधी अक्षरं. रीड, डेटा, यूएसआर असले शब्द कळीच्या वर लिहिलेले असतात, त्यासाठी कॅप्स शिफ्ट आणि सिंबल शिफ्ट एकत्र दाबून सोडायचं, कर्सर 'ई' झाला की रीडला ए, डेटाला डी, यूएसआरला एल, सीएचआर$ ला यू. प्लस मॉडेलला यासाठी वेगळी एक्स्टेंड मोडची कळ आहे. इंक आणि पेपर कळीच्या खाली लिहिलेत, तिथं 'ई' आल्यावर सिंबल शिफ्ट धरून एक्स किंवा सी. टू, देन, ऑर, अ‍ॅट हे मात्र नुसतं सिंबल शिफ्ट धरून अनुक्रमे एफ, जी, यू, आय.

पहिले दोन दिवस चिडचिड होते, तिसऱ्या दिवशी बोटं आपोआप जातात. आणि यात एक मोठं सुख आहे, ओळ चुकीची असेल तर मशीन ती घेतच नाही, जिथं चुकलं तिथं प्रश्नचिन्ह लावून थांबतं. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला मास्तर नाही.

आता नक्षी. स्पेक्ट्रमच्या स्क्रीनवर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके, आणि ते ८ बाय ८ च्या चौकोनात वाटलेले, म्हणजे एका ओळीत ३२ चौकोन आणि अशा २४ ओळी. आपल्याला स्वतःचे २१ चौकोन डिझाइन करता येतात. ग्राफ पेपर घ्या, ८ बाय ८ घरं आखा, पेन्सिलीनं भरायला लागा.

हे मी पहिल्यांदा करत होतो तेव्हा मित्राचे वडील मागं उभे होते. काकांनी उभं आयुष्य चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम केलंय, जेकार्डचं. जेकार्ड म्हणजे मागावर बसवलेलं ते यंत्र ज्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरतात, भोक असलं की धागा वर उचलला जातो, नसलं की खालीच राहतो, आणि त्यातून चादरीवर नक्षी उमटते. काकांनी माझा कागद बघितला आणि म्हणाले, "अरे, हे आमचंच काम की! घर भरलं की धागा वर, रिकामं की खाली." मग खुर्ची ओढून बसले. मी एक सुटं फूल काढलं होतं, चारी बाजूनी मोकळं. ते म्हणाले, एकटं चांगलं दिसतंय पण शेजारी शेजारी लावलं की तुटक दिसणार, चादरीत आधी जोड बघायचा असतो, उजवी कड डाव्या कडेला आणि खालची वरच्या कडेला मिळाली पाहिजे. माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी हा शंकरपाळा काढला:

०००११०००
००११११००
०११११११०
१११००१११
१११००१११
०११११११०
००११११००
०००११०००

वरची ओळ आणि खालची ओळ बघा, दोन्हीकडं मधली दोन घरं भरलेली. डावी कड आणि उजवी कड बघा, दोन्हीकडं चौथी-पाचवी ओळ भरलेली. म्हणून शेकडो शंकरपाळे लागले की टोकं एकमेकांना भिडतात आणि अख्खी जाळी तयार होते. एवढी गोष्ट मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडली नव्हती.

आता या ओळींचे आकडे करायचे. आठ घरांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. भरलेल्या घरांची बेरीज करा. पहिली ओळ १६ अधिक ८ म्हणजे २४, दुसरी ६०, तिसरी १२६, चौथी २३१, आणि पुढं तेच उलट. बेरीज हातानंच करा, मोबाईल बाजूला ठेवा, चार-पाच वेळा केलं की आकडा बघूनच डोळ्यापुढं ठिपके दिसायला लागतात आणि ती मजा दुसऱ्या कशात नाही.

प्रोग्राम खाली दिलाय. उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिलाय, मशीनवर अर्थातच रोमन दिसणार. एन, ए, आर, सी, के ही एकेका अक्षराची नावं आहेत.

५ क्लिअर ३२७६७
१० फॉर एन=० टू ७
२० रीड ए
३० पोक यूएसआर "ए"+एन,ए
४० नेक्स्ट एन
५० डेटा २४,६०,१२६,२३१,२३१,१२६,६०,२४
६० बॉर्डर २: पेपर २: सीएलएस
७० फॉर आर=० टू २१: फॉर सी=० टू ३१
८० लेट के=६: इफ आर<३ ऑर आर>१८ देन लेट के=७
९० प्रिंट अ‍ॅट आर,सी; इंक के; सीएचआर$ १४४;
१०० नेक्स्ट सी: नेक्स्ट आर

१० ते ५० मध्ये आपण पोक कमांडनं काकांचा शंकरपाळा मेमरीत ठेवतो, १४४ हा त्याचा नंबर. ६० मध्ये लाल जमीन. ८० मध्ये काठ, वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी पांढऱ्या, मधला सगळा भाग पिवळा. ओळी २४ असल्या तरी आपण २१ पर्यंतच जातो, ० धरून २२, कारण खालच्या दोन ओळी मशीन स्वतःच्या निरोपासाठी ठेवतं. एका चौकोनात दोनच रंग बसतात, जमिनीचा आणि ठिपक्याचा, हे बंधन कायम लक्षात ठेवून डिझाइन करायचं.

आता आर दाबून रन द्या आणि काही करू नका, नुसतं बघत बसा. एकेक शंकरपाळा डावीकडून उजवीकडं येतो, ओळ भरते, खालची ओळ सुरू होते, अगदी मागावर कापड उतरावं तसं. मला तर हा संथपणाच आवडतो, मशीन काय करतंय ते डोळ्यानं दिसतं. आणि न्यू देऊन प्रोग्राम पुसला तरी शंकरपाळा जात नाही, तो मेमरीच्या वरच्या टोकाला वेगळा राहतो, वीज जाईपर्यंत.

आता वेग बघायचा असेल तर याच प्रोग्रामला पुढच्या ओळी जोडा. हे मशीन कोड आहे, म्हणजे बेसिकला मधे न घेता सरळ प्रोसेसरशी बोलणं.

११० फॉर एन=० टू १३: रीड ए: पोक ३२७६८+एन,ए: नेक्स्ट एन
१२० डेटा ३३,०,८८,१७,१,८८,१,२५५,२,५४,१४,२३७,१७६,२०१
१३० पॉझ ०: रँडमाइझ यूएसआर ३२७६८: पॉझ ०

चादर विणून झाली की मशीन थांबेल. कुठलीही कळ दाबा. लाल जमीन निळी होते, काठासकट सगळी नक्षी पिवळी, आणि हे कधी झालं ते कळतसुद्धा नाही. रंगांची माहिती मेमरीत २२५२८ पासून पुढं ७६८ बाइटमध्ये, म्हणजे मेमरीच्या ७६८ घरांत असते, प्रत्येक चौकोनाला एक बाइट. जमिनीच्या रंगाला ८ नं गुणून ठिपक्याचा रंग मिळवायचा, निळा १ आणि पिवळा ६ म्हणून १४. वरचे चौदा आकडे प्रोसेसरला एवढंच सांगतात की पहिल्या घरात १४ ठेव आणि तेच पुढच्या ७६७ घरांत उतरव. हे सगळं टीव्हीचं एक चित्र बदलायच्या आत, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत उरकतं. हेच काम बेसिकमध्ये फॉर आणि पोक लावून करून बघा, कित्येक सेकंद लागतात. दोन्ही एकापाठोपाठ एक केलं की प्रोसेसर म्हणजे काय ते अंगात भिनतं. मी पहिल्यांदा ती कळ दाबली तेव्हा खुर्चीवरून उठलो होतो. आकडा चुकला तर मशीन बंद पडल्यासारखं होईल, घाबरू नका, काही बिघडत नाही, फक्त बंद करून परत सगळं टाईप करावं लागतं.

म्हणूनच मशीन कोड चालवायच्या आधी सेव्ह करायची सवय लावा. आणि लाइटचा काय भरोसा. कॅसेट रेकॉर्डर असेल तर उत्तम, नाहीतर लॅपटॉपचा माइक इनपुट चालतो. स्पेक्ट्रमच्या माइक सॉकेटमधून वायर रेकॉर्डरच्या माइकला, इअरची वायर सेव्ह करताना काढून ठेवा. सेव्ह "चादर" (नाव अर्थात रोमनमध्ये), एंटर, रेकॉर्डिंग सुरू, मग कुठलीही कळ. स्क्रीनच्या बाहेरच्या चौकटीवर आधी लाल आणि आकाशी जाड पट्टे फिरतात, मग निळे-पिवळे बारीक पट्टे आणि तो किर्रर्र आवाज, पंधरा-वीस सेकंदात काम झालं. परत घेताना लोड "", आवाज बऱ्यापैकी मोठा. टेप लोडिंग एरर आली तर आवाज थोडा कमी-जास्त करून बघा, आमच्याकडं दहातल्या नऊ वेळा तेवढ्यानंच जमतं.

यापुढं मोठी नक्षी. चार चौकोन जोडून १६ बाय १६ चं डिझाइन करता येतं, नंबर १४४ ते १४७. काका मागच्या रविवारी माझा उरलेला ग्राफ पेपर घरात घेऊन गेले आणि जेवायच्या आधी परत आले ते मोर काढूनच, पिसारा उजवीकडं कडेपर्यंत नेऊन शेजारच्या मोराच्या पाठीला बरोबर जोडलेला. आता त्याचे ३२ आकडे काढायचेत.