हिवाळ्यात फ्रिज पुन्हा एकदा लावताना

थंडी सुरू झाली की फ्रिजकडे लक्ष कमी होते. हवाच गार आहे, मग अन्न कशाला खराब होईल, असा हिशेब मनात असतो. त्याच हिशेबाने उरलेली भाजी रात्रभर ओट्यावर राहते, पातेले गॅलरीत जाते आणि फ्रिजचे बटण उन्हाळ्यात जिथे फिरवून ठेवले होते तिथेच राहते. हिवाळ्यात अन्न वाया जाते ते मात्र वेगळ्याच कारणांनी: काही पदार्थ फ्रिजमध्येच गोठतात, काही सुकतात, काही फ्रीझर अर्धवट वितळल्यामुळे बिघडतात आणि बरेचसे मागच्या बाजूला ढकलले जाऊन विसरले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १.०५ अब्ज टन अन्न वाया गेले आणि त्यातील जवळपास ६० टक्के घराघरांतून गेले. म्हणून ऋतू बदलला की फ्रिजही नव्याने लावावा.

सुरुवात तापमान मोजण्यापासून करावी. फ्रिजच्या बटणावरील आकडे म्हणजे अंश सेल्सिअस नव्हेत. बहुतेक यंत्रांत मोठा आकडा म्हणजे जास्त गारवा, एवढाच त्यांचा अर्थ. आत नेमके किती तापमान आहे हे कळण्यासाठी साधा फ्रिज थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा आणि सकाळी, दाराची उघडझाप सुरू होण्याआधी, वाचावा. दार उघडताच आतली हवा बदलते, पण पाण्याचे तापमान लगेच बदलत नाही, म्हणून हा पेल्याचा खटाटोप. फ्रिजमध्ये ४ अंश किंवा त्याहून थोडे कमी आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश असावेत. बटण फिरवल्यावर एक दिवस थांबून पुन्हा मोजावे. तासाभरात निकाल पाहून पुन्हा फिरवत बसल्यास काहीच कळत नाही.

हिवाळ्यात हे तापमान का ढळते, ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. खोली गार असली की फ्रिजच्या भिंतींतून आत शिरणारी उष्णता कमी होते आणि कॉम्प्रेसर कमी वेळ चालतो. याचे दोन परस्परविरुद्ध परिणाम दिसतात. बटण उन्हाळ्याच्या आकड्यावरच असेल, तर मागच्या भिंतीलगतचा भाग शून्याखाली जाऊ शकतो. दुसरीकडे, फ्रिज आणि फ्रीझर दोन्हींसाठी एकच थर्मोस्टॅट (तापमान पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा भाग) असलेल्या यंत्रांत तो सहसा फ्रिजच्या कप्प्यात असतो. खोलीच फार गार झाली की त्याला सगळे ठीक वाटते, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि फ्रीझर मात्र हळूहळू तापू लागतो. यंत्र किती गार खोलीत नीट चालेल हे त्यावरील पट्टीवरच्या हवामान वर्गावरून कळते: ‘एसएन’ वर्गाचे यंत्र १० ते ३२ अंश, ‘एन’ १६ ते ३२, ‘एसटी’ १६ ते ३८ आणि ‘टी’ १६ ते ४३ अंश तापमानाच्या खोलीसाठी बनवलेले असते. न तापवलेल्या कोठीत किंवा गॅरेजमध्ये ठेवलेला फ्रिज या मर्यादेखाली सहज जातो. त्याची खूण बर्फाच्या ट्रेमध्ये सापडते. खडे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला असेल किंवा त्यांच्या कडा गोलसर होऊन खाली पातळ थर साचला असेल, तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे. अशा वेळी बटणाशी खेळण्यापेक्षा फ्रिज उबदार खोलीत हलवणे हाच खरा उपाय आहे.

गोठण्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पालकाची एक जुडी मागच्या भिंतीला टेकून दोन दिवस राहिली. बाहेर काढली तेव्हा पाने काचेसारखी अर्धपारदर्शक आणि कडक होती, पाहायला सुंदरच. दहा मिनिटांत ती ओट्यावर काळपट हिरव्या चिखलासारखी पसरली. पानांच्या पेशींतले पाणी गोठताना पेशी फाटतात, त्यामुळे अशी भाजी कच्ची खाण्याजोगी राहत नाही. लगेच शिजवली तर चालते. तेव्हापासून मागची भिंत आणि वस्तू यांत दोन-तीन बोटांचे अंतर मी कटाक्षाने ठेवते. या अंतराने हवाही खेळती राहते. पालेभाज्या आणि काकडीसारख्या पाणीदार भाज्या भिंतीपासून दूरच ठेवाव्यात. दूध, दही आणि शिजवलेले पदार्थ मात्र आतल्या बाजूच्या गार फळ्यांवर असावेत. दाराचा भाग सर्वांत कमी गार असतो. दूध आणि अंडी तिथे ठेवण्याची सोय कंपन्या करून देतात हे खरे, पण तिथे सॉस, जॅम असे टिकाऊ पदार्थच बरे. कच्चे मांस-मासे झाकणाच्या भांड्यात, सर्वांत खालच्या फळीवर.

आता गरम अन्नाविषयी, कारण हिवाळ्यातली सर्वांत मोठी चूक इथे होते. ‘बाहेर निवू दे, सकाळी आत ठेवू’ असे म्हणून झाकलेले मोठे पातेले तसेच सोडले, तर वरचा थर गार होतो, पण मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वाढतात आणि खोली २० अंशांची असो की ३० अंशांची, दोन्ही त्याच पट्ट्यात येतात. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. त्यासाठी ते उथळ भांड्यांत, साधारण ५ सेंटीमीटरपेक्षा जाड थर होणार नाही असे पसरावे, किंवा पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून ढवळावे. थंडीत नळाचे पाणीच इतके गार असते की बर्फाची गरज सहसा पडत नाही. हिवाळ्याचा खरा फायदा घ्यायचा तो असा. भाताबाबत अधिक घाई करावी. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवतानाही जिवंत राहू शकतात, भात कोमट राहिला तर त्यांतून जिवाणू वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून भात तासाभरात आत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

गॅलरीला फ्रिज समजू नये. पहाटे तिथे ३ अंश असतील, पण ऊन आले की पातेल्याच्या काळ्या झाकणाखाली काय तापमान होते हे कोणी मोजत नाही. कोबी, मुळा, गाजर, सफरचंद असे न कापलेले जिन्नस सावलीत, झाकून, गोठणार नाहीत अशा बेताने ठेवता येतात. दूध, मासे आणि शिजवलेले अन्न नाही.

भाज्यांचा कप्पा लावताना ओलावा आणि इथिलीन (फळे पिकवणारा वायू) या दोन गोष्टी सांभाळाव्यात. पालेभाजी आणल्यावर सडकी पाने काढून, पाणी पूर्ण निथळू देऊन, कोरड्या कापडात किंवा कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवावी आणि कापड ओले झाले की बदलावे. गाजर-मुळ्याचा पाला लगेच तोडावा, कारण पाला कंदातले पाणी ओढत राहतो. कप्प्याला झडप असेल, तर ती पालेभाज्यांसाठी बंद आणि फळांसाठी उघडी ठेवावी. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो इथिलीन वायू सोडतात. त्याने शेजारची पाने पिवळी पडतात आणि गाजरे चक्क कडू होतात. त्यामुळे सफरचंदे वेगळ्या कप्प्यात किंवा बंद पिशवीत असावीत.

केळी, टोमॅटो आणि रताळी साधारण १२-१३ अंशांखाली ठेवली की त्यांना थंडी बाधते: केळी काळवंडतात, टोमॅटोची चव जाते. फ्रिज तर नकोच, पण हिवाळ्यात स्वयंपाकघराची बाहेरची भिंतही रात्री तितकी गार होऊ शकते, म्हणून त्यांची टोपली आतल्या, उबदार बाजूला सरकवावी. बटाटे अंधारात, ७ ते १० अंशांत उत्तम राहतात. याहून गार जागी त्यांतल्या पिठुळ भागाची साखर होते आणि तळताना ते लवकर करपतात. कांदे बटाट्यांपासून लांब, हवेशीर जागी. पाव फ्रिजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणार नसेल, तर काप करून थेट फ्रीझरमध्ये ठेवावा.

फ्रीझरमध्ये मटार ठेवायचे असतील, तर ते दीड मिनिट उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात गार करावेत आणि पूर्ण कोरडे करून पिशवीत पातळ थरात भरावेत. या पायरीमुळे रंग आणि चव बिघडवणारी विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात. उरलेली आमटी, सूप वगैरे एका जेवणाला पुरेल एवढ्या छोट्या डब्यांत भरावे. डब्यावर तारीख लिहावी आणि पदार्थाचे नावही लिहावे, कारण गोठलेली आमटी आणि गोठलेली ग्रेव्ही यांतला फरक महिनाभराने भल्याभल्यांना ओळखता येत नाही.

नजरेच्या उंचीवरच्या फळीवर एक पारदर्शक डबा ‘आधी हे’ म्हणून राखून ठेवावा: उघडलेले दही, अर्धा कापलेला कांदा, कालची भाजी, सारे त्यात. उरलेले शिजवलेले अन्न तीन-चार दिवसांत संपवावे. बाजारात जाण्याआधी याच डब्यावरून यादी करावी.

टाकून देण्याचा निर्णय वासावर सोडू नये. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या तापमानातही वाढतो आणि त्याने अन्नाचा वास बदलेलच असे नाही. मऊ पदार्थावर बुरशी दिसली तर तो पूर्ण टाकावा. घट्ट चीज किंवा गाजरासारख्या कडक भाजीवर दिसली, तर तिच्याभोवतीचा आणि खालचा किमान अडीच सेंटीमीटर भाग कापून बाकीचे वापरता येते. मात्र मलूल झालेली भाजी म्हणजे सडलेली भाजी नव्हे. वाकणारे गाजर टोक कापून गार पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवावे; तासाभराने काढून मोडून पाहावे, बहुधा कटकन आवाज येतो.