एक्स्चेंज स्टुडंट घरी येणार असेल तर आधी काय काय बोलून घ्यायचं

एक्स्चेंज स्टुडंट म्हणजे परदेशातून येऊन काही महिने आपल्या घरात राहून शाळेत जाणारं मूल. आमच्याकडे पहिल्यांदा जी मुलगी राहायला आली ती सोळा वर्षांची होती, आणि ती तीन दिवस थंड पाण्याने अंघोळ करत होती हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. गरम पाण्याचं बटण बाथरूमच्या बाहेर, दाराच्या मागे आहे. आम्हाला सगळ्यांना माहिती म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही की हे सांगायला लागेल, आणि तिला वाटलं या घरात गरम पाणी नसतंच, मग विचारून कशाला लाजवायचं. त्यानंतर अजून दोन मुलं येऊन राहून गेली आणि दरवेळी जे काही बिघडलं ते असंच, कुणी वाईट वागलं म्हणून नाही तर कुणीतरी काहीतरी सांगितलंच नव्हतं म्हणून. त्यामुळे कुणी विचारलं की स्टुडंट ठेवायचाय काय तयारी करू, तर मी आधी खोली, चादरी वगैरे सांगतच नाही, मी म्हणते आधी काय काय बोलायचंय ते बघा.

पहिलं बोलणं घरातल्या घरात, फॉर्म भरायच्या आधी. बरेच जण याला पेइंग गेस्ट समजतात, तसं नसतं. ही पद्धत जुनी आहे, रोटरीच्या युथ एक्स्चेंजची सुरुवात 1927 सालची, फ्रान्समधल्या नीस शहरातल्या क्लबची. एएफएस, म्हणजे अमेरिकन फील्ड सर्व्हिस, ही तर मुळात पहिल्या महायुद्धात जखमींना अँब्युलन्समधून नेणाऱ्या स्वयंसेवकांची संघटना, दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. म्हणजे हेतू पहिल्यापासून हाच की मूल तुमच्या घरात घरातल्यासारखं राहणार, आणि यजमान घराला बहुतेक वेळा भाडं-बिडं काही मिळत नाही. अमेरिकेत तर शाळेतल्या एक्स्चेंज मुलांच्या बाबतीत यजमान कुटुंबाला मोबदला द्यायचा नाही असा सरकारी नियमच आहे. तेव्हा खर्च आपला आणि वेळही आपलाच, हे दोघा नवराबायकोंना मनापासून मान्य आहे का ते बघा. एकाला हौस आणि दुसऱ्याने 'बरं, तुला हवंय ना' म्हणून मान डोलावली, असं असेल तर दुसऱ्या महिन्यात भांडण पक्कं, आणि ते त्या मुलाच्या समोर होतं.

अमेरिकेतले बाकीचे नियम पण एकदा बघून ठेवा, तुम्ही कुठेही राहत असाल तरी चेकलिस्ट म्हणून चांगले आहेत. मुलाला स्वतःचा नीट पलंग हवा, सोफा-कम-बेड किंवा हवा भरायची गादी चालत नाही. खोली शेअर करायची तर एकाच मुलाबरोबर, मुलगी असेल तर मुलीबरोबरच. घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची पोलीस पार्श्वभूमी तपासली जाते, आणि मूल पाठवणाऱ्या संस्थेचा स्थानिक माणूस दर महिन्याला मुलाशी पण बोलतो आणि घरच्यांशी पण. आमच्या सासूबाई आधी चिडल्या होत्या की माझी कसली चौकशी करताय या वयात, पण उलटं करून बघा ना, आपलं लेकरू अनोळखी घरात पाठवायचं असतं तर आपण काय काय विचारलं असतं.

संस्थेकडून मूल यायच्या आधी काय मागून घ्यायचं ते सांगते, कारण ऐन वेळी सापडत नाही. चोवीस तास उचलला जाईल असा फोन नंबर हवा, नुसता ऑफिसचा नको. विम्याचं कार्ड आणि त्यात काय कव्हर होतं ते, आणि दवाखान्यात उपचारांना संमती द्यायचा अधिकार तुम्हाला आहे असं आईवडिलांच्या सहीचं पत्र. अ‍ॅलर्जी, चालू असलेली औषधं, आणि औषधाचं ब्रँडचं नाव नको, आतल्या घटकाचं नाव, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या कॉपी. परदेशी माणूस घरी राहायला आला तर कुठे नोंद करावी लागते का, हा नियम देशादेशात वेगळा आहे, तो संस्थेलाच विचारा आणि उत्तर मेलवर घ्या, तोंडी नको. आणि रात्री बाहेर राहायचं, ट्रिपला जायचं, तर परवानगी कोण देणार, तुम्ही, संस्था की तिकडचे आईबाबा, हे आधीच. यावरून आमचं एकदा फार वाजलं होतं.

मूल आलं की पहिल्या रात्री काही करू नका. खरंच काही नाही. नातेवाईक बोलावू नका, भाषण नको, नियम तर नकोच. जेट लॅग उतरायला ढोबळ मानाने दोन देशांच्या घड्याळातल्या दर एक तासाच्या फरकाला एक दिवस धरतात, पूर्वेकडे प्रवास केला असेल तर जरा जास्तच, म्हणजे सहा-सात तासांचा फरक असेल तर पहिला आठवडा मूल अर्ध्या झोपेत असणार आणि तुम्ही सांगितलेलं निम्मं हवेत जाणार. फक्त बाथरूम कसं चालतं, पिण्याचं पाणी कुठे, वायफाय, दाराची कडी, आणि रात्री काही वाटलं तर कोणत्या दारावर टकटक करायची, एवढं हाताला धरून दाखवा. आणि बटण दाबून दाखवा, नुसतं बोट दाखवू नका :)

मग दोन-तीन दिवसांनी सगळे एकत्र बसा. रोटरीवाल्यांची 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' म्हणून एक यादी असते, मूल ती घेऊन येतं आणि यजमानांना एकेक विचारतं, त्यात अगदी सुरुवातीलाच येतो तो प्रश्न म्हणजे तुम्हाला काय हाक मारू. आम्हाला आधी हसू आलं होतं पण हाच प्रश्न अवघड आहे. माझ्या अनुभवात 'आई म्हण' असा आग्रह करू नये, तिला तिची आई आहे, आणि आपल्या मुलांनाही ते खुपतं. काकू चालतं, मावशी चालतं, नावाने चालतं, तिला निवडू द्या. एकाने आम्हाला दोन महिने काहीच हाक मारली नाही, समोर येऊन उभा राहायचा आणि आपण बघेपर्यंत थांबायचा, आणि मग एक दिवस स्वयंपाकघरातून 'मावशीऽऽ' अशी हाक आली, काहीतरी उतू जात होतं.

बाकीचे प्रश्न अगदी बारीकसारीक असू देत. फ्रीज न विचारता उघडायचा का. कपडे मशीनला कोण लावणार, आतले कपडे पण त्यातच का. बाथरूम सकाळी किती वाजता कुणाचं. दार लावून घेतलं तर तुम्हाला राग येतो का. रविवारी किती वाजेपर्यंत झोपलं तर चालतं. पाहुणे आले की बाहेर येऊन बसायचं की खोलीत राहिलं तरी चालेल. हे विचारताना गंमत अशी होते की आपल्यालाच उत्तर माहीत नसतं, नवरा एक सांगतो मी दुसरं सांगते आणि मुलं म्हणतात असं काही नाहीये आपल्याकडे. आमची एक वही आहे, त्यात जे ठरेल ते साध्या वाक्यात लिहायचं आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवायची. दुसऱ्या भाषेत दिवसभर ऐकून मुलाचं डोकं संध्याकाळपर्यंत बधिर झालेलं असतं, तोंडी सांगितलेलं राहत नाही. आणि 'कळलं का' असं कधीच विचारू नका, उत्तर नेहमी 'हो' येतं. त्यापेक्षा 'सांग बरं, आता उद्या काय करायचं ठरलं' असं विचारा, मग खरं काय कळलंय ते कळतं.

मोठे नियम संस्थेचे असतात, ते तुमचे नाहीत आणि तुम्ही सैल करायचे पण नाहीत. रोटरीचे चार 'डी' म्हणतात, ड्रिंकिंग, ड्रग्ज, ड्रायव्हिंग, डेटिंग, चारही बंद. एएफएसमध्ये गाडी चालवणं, अनोळखी माणसाकडून लिफ्ट घेणं आणि ड्रग्ज यावरून मुलाला थेट घरी परत पाठवलं जाऊ शकतं. तुमच्या भावाने प्रेमाने 'चल तुला मोकळ्या मैदानात स्कूटर शिकवतो' म्हटलं तर भावाला आधीच गप्प करा.

फोनचं काय करायचं हे सगळे विचारतात. काढून घेऊ नका, एवढंच ठाम सांगेन, तो त्याचा घराशी असलेला दोरा आहे. पण रोज तीन-तीन तास तिकडच्या आईशी व्हिडिओ कॉल चालू असेल तर मूल शरीराने इथे आणि मनाने तिथेच राहतं, त्यात वेळेच्या फरकामुळे कॉल मध्यरात्री, म्हणजे झोप पण गेली. आम्ही तिकडच्या आईशीच बोललो, तिला भाषेची अडचण होती तर भाषांतराच्या अ‍ॅपवरून मेसेज केला, आणि आठवड्यातून एक ठरलेला मोठा कॉल आणि बाकी दिवस नुसते मेसेज असं जमलं. तिच्या आईला पण ते बरंच वाटलं असावं, ती पण रात्री जागत होती ना.

आता जे कुणी सांगत नाही ते. सगळ्यात अवघड जातं आपल्या स्वतःच्या मुलांना. माझी लेक तेव्हा चौदाची, ताई येणार म्हणून महिनाभर नाचत होती, स्वतःचं कपाट अर्धं रिकामं करून त्यावर चिठ्ठी लावली होती. आणि तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून मी तिला ओरडले तर ती एकदम थंड आवाजात म्हणाली, 'तिचा पण टॉवेल तिथेच आहे, बघ.' खरंच होता. शेजारी शेजारी दोन ओले टॉवेल आणि मी फक्त एकीला ओरडले होते. पाहुणी म्हणून एकीला सूट, घरची म्हणून दुसरीला बोलणी. त्या दिवशी मी दोघींना बोलावून दोघींना ओरडले, जरा मुद्दामच मोठ्याने, आणि ती परदेशी मुलगी चक्क हसली. नंतर म्हणाली की पहिल्यांदाच वाटलं मी इथली आहे. त्यामुळे कामं पहिल्या आठवड्यापासून वाटून द्या, ओरडणं पण वाटून द्या. आणि आपल्या मुलांना आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या एकट्याचा वेळ, अर्धा तास का असेना, त्यात त्यांनी त्या मुलाची तक्रार केली तर ऐकून घ्या, लगेच 'अगं ती बिचारी इतक्या लांबून आलीये' सुरू करू नका. मी करायचे आणि लेक बोलायचीच बंद झाली होती.

घरची आठवण येणार, येऊ दे. परक्या देशात गेल्यावर सगळंच वेगळं म्हणून मन गांगरतं त्याला 'कल्चर शॉक' म्हणतात, हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने, 1960 च्या आसपास. त्याच्या आधी 1955 मध्ये नॉर्वेच्या लायसगार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत जाऊन आलेल्या 200 नॉर्वेजियन लोकांवरून तो प्रसिद्ध 'यू' आकार मांडला, म्हणजे मन आधी छान मग खाली मग परत वर. संस्थेच्या ओरिएंटेशनला हा यू हमखास दाखवतात, पण नंतरच्या अभ्यासात दिसलंय की सगळ्यांचं असं होत नाही, काहींचं पहिल्याच आठवड्यात वाईट असतं आणि मग चढत जातं, काही शेवटपर्यंत मजेत असतात. तेव्हा कॅलेंडर बघत बसू नका, मुलाकडे बघा. आमच्याकडचा एक जण उदास झाला की त्याचं पोट दुखायचं, दुसरी खूप झोपायची. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर 'काय झालं, का गप्प आहेस' विचारलं तर काहीच हाती लागत नाही. भांडी पुसताना, गाडीत शेजारी बसलेलं असताना, जिथे एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही तिथे मुलं बोलतात, आपली पण आणि परकी पण. पण खाणं सुटलं, शाळेत जाणं थांबलं, किंवा स्वतःला काही करून घ्यायचं बोललं, तर त्याच दिवशी संस्थेच्या माणसाला फोन, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. कुणी अंगाला हात लावला, त्रास दिला असं मूल सांगत असेल तर तिथेही तेच.

याच्याच जोडीला दोन साधे नियम, टकटक केल्याशिवाय मोठ्यांपैकी कुणी खोलीत जायचं नाही, आणि त्याला विचारल्याशिवाय फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. आत्याबाईंना हे तीनदा सांगावं लागलं.

आणि सगळं करून पण नाहीच जमलं तर? घर बदलता येतं. बरेच रोटरी क्लब वर्षभरात मुलाला दोन-तीन घरांत ठेवतातच, त्यामुळे ती काही नामुष्की नाही. फक्त धुमसत ठेवू नका, संस्थेच्या माणसाला पहिल्याच महिन्यात सांगा की हे हे खटकतंय, अर्ध्या वेळा त्याने मध्ये पडून दोन वाक्यं बोलली की सुटतं, कारण मुळात काहीतरी सांगायचंच राहिलेलं असतं.

जायच्या आठवड्यात रडारड होते ती होऊ दे, पण बॅगेचं वजन चार दिवस आधी करा, आदल्या रात्री नाही. बऱ्याच एअरलाइन्सला एका बॅगेला 23 किलोची मर्यादा असते आणि दहा महिन्यांत मूल जे जमवतं त्याचा आपल्याला अंदाज नसतो. आमच्या पहिल्या मुलीचं साडेचार किलो जास्त भरलं, रात्री अकरा वाजता जमिनीवर बसून ती आणि माझी लेक एकेक वस्तू काढत होत्या, हे ठेव, हे राहू दे, हे पुढच्या वेळी. लोकरी स्वेटर गेला, शाळेची पुस्तकं राहिली. ती पुस्तकं अजून लेकीच्या कपाटाच्या त्या अर्ध्या भागात आहेत.