‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८) पहिल्यांदा खेळताना: बटणं बडवायची सवय कशी मोडावी

प्लेस्टेशन २ च्या काळात ज्यांनी या गेमचा नायक क्रेटोसला ओळखलं, त्यांच्या अंगठ्यात एक मंत्र कायमचा मुरलाय: चौकोन, चौकोन, त्रिकोण. २००५ च्या पहिल्या गेमपासून एवढ्या भांडवलावर अर्धा ग्रीस पालथा घालता यायचा. कॅमेरा लांब, साखळीला बांधलेली दोन पाती गरगर फिरतायत, समोरचे पाच-सहा जण एका फटक्यात आडवे. पुढे २०१८ चा गेम हातात आला तेव्हा मी त्याच थाटात जंगलात शिरलो आणि तीन मढ्यांनी मला लोळवलं. कथेतले मोठे राक्षस अजून यायचेच होते. ही साधी, पहिल्या तासाला भेटणारी ‘ड्रॉगर’ मंडळी होती.

हा लेख अशांसाठीच आहे, आणि ज्यांनी या मालिकेतलं काहीच खेळलेलं नाही त्यांच्यासाठीही. खरं तर त्यांचं काम सोपं आहे. त्यांना काही विसरायचं नसतं.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती खेळताना उपयोगी पडते. २०१३ च्या ‘असेन्शन’ या भागानंतर गेम बनवणाऱ्या सांता मोनिका स्टुडिओने पाच वर्षं मालिकेचा नवा भाग काढला नाही. मग २० एप्रिल २०१८ ला जो गेम आला, त्याचा दिग्दर्शक होता कोरी बारलॉग. २००७ च्या दुसऱ्या भागाचं दिग्दर्शनही त्याचंच. त्याने जुनी कथा पुसली नाही, क्रेटोस तोच ठेवला. फक्त त्याला दाढी आली, वय आलं, ग्रीस सोडून तो नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या) देवांच्या मुलुखात आला आणि त्याच्यासोबत अट्रेयस नावाचा मुलगा आला. बाकी सगळं नव्याने रचलं. कॅमेरा उजव्या खांद्यामागे येऊन बसला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही ‘कट’ होत नाही. लढाईची सगळी गणितं या कॅमेऱ्यामुळे बदलली: क्रेटोसच्या पाठीमागे काय चाललंय ते आता दिसत नाही. जुने भाग खेळले नसतील तरी बिनधास्त सुरुवात करा. जे कळायला हवं ते हा गेम वेळेवर सांगतो.

पायरी १: यंत्र आणि सेटिंग

प्लेस्टेशन ४ वर चालतोच, ५ वर जास्त सुळसुळीत चालतो. पीसीवर तो १४ जानेवारी २०२२ ला आला. तिथे ७० जीबी जागा मोकळी ठेवा. किमान गरज ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९६० च्या तोडीच्या ग्राफिक्स कार्डाची, पण मजा यायला १०६० (६ जीबी) आणि एसएसडी हवी. कीबोर्डवर खेळता येतो, तरी शक्य असेल तर कंट्रोलर घ्या. पुढे बटणांची नावं मी प्लेस्टेशनचीच वापरतोय: ‘आर’ म्हणजे उजवीकडचं, ‘एल’ म्हणजे डावीकडचं.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी लगेच बदला. सबटायटल सुरू करा, कारण निम्मी कथा चालता-चालता, नाव वल्हवता-वल्हवता बोलण्यातून उलगडते. आणि एकच बटण पटापट दाबायची जिथे वेळ येते, तिथे नुसतं दाबून धरायचा पर्याय निवडा. मनगट दुखणाऱ्यांनी तर नक्कीच. यात काही कमीपणा नाही.

पायरी २: अवघडपणा निवडताना अहंकार बाजूला ठेवा

चार पातळ्या आहेत. सगळ्यात सोपी कथेसाठी, दुसरी समतोल, तिसरी आव्हानाची आणि चौथीचं नाव गेमवरूनच पडलंय. पहिल्या तिन्हींमध्ये खेळता-खेळता केव्हाही बदल करता येतो. चौथी एकदा निवडली की बदलता येत नाही, नव्याने सुरुवात करावी लागते. पहिल्या खेपेला दुसरी घ्या. जुने खेळाडू हमखास चौथीवर बोट ठेवतात आणि दोन दिवसांनी गेम बाजूला पडतो.

पायरी ३: कुऱ्हाडीशी ओळख

इथे घाई नको. लेव्हायथन नावाची ही कुऱ्हाड ब्रॉक आणि सिंड्री या दोन बुटक्या भावांनी घडवलेली आहे आणि सगळा गेम तिच्याभोवती फिरतो. आर१ हलका वार, आर२ जड वार. हे झालं जवळचं. खरी गंमत फेकण्यात आहे.

घराबाहेरच्या जंगलात शत्रू नसताना पाच मिनिटं काढा. एल२ धरून एखाद्या झाडावर नेम धरा. आर२ ने कुऱ्हाड फेका. ती खोडात रुतून बसेल. आता काहीच करू नका, दोन पावलं बाजूला सरका आणि त्रिकोण दाबा. कुऱ्हाड खोडातून सुटते, हवेतून गिरक्या घेत येते आणि क्रेटोसच्या तळहातात धप्पकन बसते. त्याच क्षणी कंट्रोलरही थरथरतो. मी हे पहिल्या संध्याकाळी किती वेळा केलं ते विचारू नका. शेजारी बसलेला भाचा कंटाळून उठून गेला.

यातून तीन गोष्टी शिका. एक, परत येणारी कुऱ्हाडही वाटेत असणाऱ्याला लागते. म्हणजे फेकल्यानंतर अशा जागी सरकायचं की शत्रू तुमच्या आणि कुऱ्हाडीच्या मध्ये यावा. दोन, पायावर नेम धरला की बरेच शत्रू तोंडघशी पडतात. डोक्याचा मोह सगळ्यांना होतो, पण गर्दीत पाय जास्त कामाचे. तीन, जोरात फेकलेली कुऱ्हाड किरकोळ शत्रूला जागच्या जागी गोठवते. तो गोठलेला असताना ती परत बोलावू नका! ती तिथेच राहू द्या आणि रिकाम्या हाताने दुसऱ्यावर तुटून पडा.

हाताची लढाई नवे खेळाडू विसरतात. ठोसे आणि ढाल यांनी शत्रूचा जीव कमी जातो, पण त्याच्या जीवाच्या पट्टीखालची दुसरी पट्टी भराभर वाढते. ती भरली की आर३ चं (उजवी काठी आत दाबायचं) चिन्ह दिसतं. ते दाबलं की क्रेटोस समोरच्याचा निकाल हातानेच लावतो. चिवट शत्रूंसाठी हा सगळ्यात जवळचा रस्ता. शिवाय बर्फाळ, निळसर अंगाचे शत्रू भेटले की कुऱ्हाडीची गार धार त्यांच्यावर चालत नाही, तिथे ठोसेच कामी येतात. बऱ्याच पुढे एक दुसरं शस्त्रही मिळतं. कोणतं ते मी सांगणार नाही, तुम्हीही आधी शोधू नका.

पायरी ४: ढाल आणि रंगीत कडी

एल१ धरून ठेवलं की ढाल वार अडवते. वार अंगावर येण्याच्या अगदी आधी एल१ दाबलं तर शत्रूच मागे कोलमडतो. ही वेळ साधायला घरातल्या घरात युक्ती: एखाद्याच ड्रॉगरला शिल्लक ठेवा आणि त्याला मारायचंच नाही असं ठरवून दहा-बारा वार फक्त अडवा.

वार येताना शत्रूभोवती कडं चमकतं. पिवळं असेल तर नुसती धरलेली ढाल उधळली जाते. नेमक्या वेळी परतवा किंवा बाजूला व्हा. लाल असेल तर ढालीचा विचारच नको, एक्स दाबून निसटा. दोनदा दाबलं तर कोलांटी घेऊन लांब जाता येतं. लाल कड्यापुढे ढाल धरणं ही सगळ्यात जुनी, सगळ्यात महाग चूक.

आणि पाठ? क्रेटोसभोवती छोटे बाण दिसतात. बाण लाल झाला की त्या बाजूने वार येतोय, जांभळा झाला की लांबून काहीतरी फेकलंय. सुरुवातीला नजर समोरच्यावरच खिळते. ती सवय मोडायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

पायरी ५: पोराला कामाला लावा

चौकोन दाबलं की तुम्ही बघताय त्या दिशेने अट्रेयस बाण सोडतो. बाण संपतात, पण थोड्या वेळाने आपोआप भरतात. म्हणजे जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. सुरुवातीच्या हरणाच्या शिकारीत तो घाई करतो आणि बाप त्याच्या हातातून धनुष्य काढून घेतो. पुढे तुम्हाला कळतं की खरी घाई आपणच करतोय आणि बाण मारायचं राहून जातंय. धुक्यासारख्या विरणाऱ्या चेटकिणींवर, रेव्हनंटवर, कुऱ्हाड वाया जाते. बाण लागला की त्या हाताला लागतात. आधी चौकोन, मग धाव, मग वार.

तो मागून ओरडतो त्याकडेही लक्ष द्या, ते सजावटीसाठी नाही. “बॉय!” ही क्रेटोसची हाक जगभर थट्टेचा विषय झाली. आमच्या घरीही काही दिवस भाच्याला “पोरा!” अशी खर्जात हाक मारायची साथ आली होती.

पायरी ६: दाराशी आलेला पाहुणा

शिकारीहून घरी परतल्यावर दारावर थाप पडते. बाहेर एक किडकिडीत, अंगभर गोंदलेला माणूस. हाच पहिला मोठा सामना, आणि इथेच बरेच जण हात टेकतात. तो लहान दिसतो म्हणून पुढे घुसू नका. अंतर ठेवा, कुऱ्हाड फेका, तो झेप घेऊन आला की बाजूला व्हा, दोन वार करा, मागे सरा. तिसऱ्या वाराच्या लोभात मार खावा लागतो. याच लढाईत ‘स्पार्टन रेज’, म्हणजे क्रेटोसची रागाच्या भरातली ताकद, हाताला लागतं: दोन्ही काठ्या, एल३ आणि आर३, एकदम दाबायच्या. त्या अवस्थेत ठोसे मारताना क्रेटोसचा जीवही भरतो. म्हणजे ते शत्रूला संपवण्यापेक्षा स्वतः मरायला टेकल्यावर जास्त उपयोगी.

पायरी ७: सरोवरावर रमा

नऊ जगांचं सरोवर (लेक ऑफ नाइन) आलं की मुख्य कथा थोडी थांबवा. पाण्याची पातळी कथेनुसार खाली जाते आणि नवे किनारे उघडे पडतात, त्यामुळे एकदा पाहिलेली जागा पुन्हा पाहायला लागते. एखादी वाट उघडतच नसेल तर डोकं आपटू नका. तिची किल्ली बहुतेक पुढच्या टप्प्यावर असते.

तीन खुणा असलेल्या नॉर्निर पेट्या मात्र सोडू नका. आसपास लपलेली तीन चिन्हं फोडली किंवा तीन घंटा ठराविक वेळात वाजवल्या की पेटी उघडते. घंटांच्या बाबतीत तिन्ही दिसतील अशी जागा आधी शोधायची, मग फेकायला सुरुवात. आत इडुनचं सफरचंद असतं किंवा रक्तमद्याचं शिंग. दोन्ही नऊ-नऊ आहेत. तीन सफरचंदं मिळाली की कमाल जीव वाढतो, तीन शिंगं मिळाली की रेज.

हॅकसिल्व्हर म्हणजे इथला पैसा. तो चिलखतावर आणि पुन्हा उठवणाऱ्या दगडावर घालवा. तो दगड खिशात असेल तर मेल्यावर अट्रेयस तुम्हाला एकदा उभं करतो. एक कायम ठेवाच. चिलखत दिसायला कसं आहे यापेक्षा तुमची एकूण पातळी वाढते का ते बघा. शत्रूच्या डोक्यावरची पट्टी जांभळी दिसली तर तो फार वरच्या पातळीचा. तिथून गुपचूप मागे फिरायला लाज वाटू देऊ नका.

पायरी ८: वाल्किरी, अगदी शेवटी

वाल्किरी म्हणजे नॉर्स कथांमधल्या पंखवाल्या योद्ध्या. मुख्य कथा संपवायला यांची गरज नाही. पण एकदा पहिली भेटली की चैन पडत नाही. आठ जणी वेगवेगळ्या जागी आहेत, त्यातली गोंदूल मुस्पेलहाइममध्ये आणि हिल्दर निफ्लहाइममध्ये. त्या दोन्ही जगांची दारं उघडायला चार-चार तुकडे जमवावे लागतात. एकेकीची चाल पाठ करा. आठही जणींची शिरस्त्राणं वाल्किरींच्या सभेच्या आसनांवर ठेवली की त्यांची राणी सिग्रुन येते. तिच्याकडे आठही जणींच्या चाली आहेत.

तिने मला किती दिवस झुलवलं त्याचा हिशेब भाच्याकडे आहे. कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणांशेजारी तो फुल्या मारत होता. उपयोगी पडलेली गोष्ट एकच. ती आकाशात उडून “वल्हाला!” अशी आरोळी ठोकते तेव्हा मान वर करून तिला शोधत बसायचं नाही. आरोळी कानावर पडली की लगेच बाजूला उडी, लगोलग दुसरी. ती जिथे दणकन उतरेल, तिथे तेव्हा तुम्ही नसलात म्हणजे झालं.