विंडोज, मॅक की लिनक्स? निवडताना या चुका टाळा

आधी संगणक घ्यायचा आणि आपलं काम त्यावर चालतं का हे नंतर बघायचं, ही चूक म्हापशाच्या दुकानापासून कळंगुटच्या गेस्टहाऊसपर्यंत सर्रास होते. टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर थेट फक्त विंडोजवर चालतं. काउंटरवर नवा मॅक ठेवलात तर पॅरलल्स (मॅकमध्ये विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) आणि विंडोज, दोन्हींचे परवाने वेगळे घ्यावे लागतात. एम चिपच्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या मॅकवर बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय) नाही. तिथे चालतं ते आर्म या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवरचं विंडोज. बिलाच्या थर्मल प्रिंटरचा किंवा डिजिटल सहीच्या टोकनचा आर्म ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) नसेल तर काम अडलंच. म्हणून पैसे मोजण्याआधी आपला प्रिंटर आणि टोकन घेऊन जा, त्याच यंत्रावर एक बिल छापा, एक पीडीएफ सही करून बघा.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. 'विंडोज 11 चालणार नाही' असा संदेश दिसला की लोक पीसी भंगारात काढतात. थांबा. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी उघडा. तिथे सिक्युरिटी प्रोसेसरची ओळ दिसत नसेल तर बऱ्याचदा टीपीएम, म्हणजे विंडोज 11 ला लागणारा हाच सिक्युरिटी प्रोसेसर, नुसता बंद असतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडायच्या सेटिंगमध्ये) इंटेलचा प्रोसेसर असेल तर पीटीटी, एएमडीचा असेल तर एफटीपीएम चालू करा. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर वापरत असाल तर त्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी यंत्र तीच मागत बसेल. प्रोसेसर मात्र बदलता येत नाही असं समजून चला: इंटेलची 8वी पिढी किंवा पुढची हवी, त्याआधीच्यांत अपवाद मोजकेच.

जुनं यंत्र घरासाठी असेल तर 8 जीबी रॅम, एसएसडी आणि लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती पुरे. इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून वायफाय, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासा. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली तो फॉन्ट टाकल्याशिवाय अगम्य दिसतील.

मडगावच्या घरून दुकानाचा पीसी रिमोट डेस्कटॉपने चालवायचा असेल तर दुकानात विंडोज प्रो लागतं, होमवर ती सोय नाही. आणि मॅक-विंडोज दोन्हींना जोडायची हार्ड डिस्क एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएस प्रकारातली डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, तेव्हा आधी कॉपी काढा.

किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत बोर्ड गंजतात. डेस्कटॉपचा बोर्ड गेला तरी डिस्क काढून दुसरीकडे लावता येते. आताच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावरच असतं. मॅकबुक घेणाऱ्याने टाइम मशीनसाठी (मॅकच्या बॅकअपसाठी) बाहेरची डिस्क त्याच बिलात घ्यावी.