दहा-वीस माणसं कामाला असतील तर आधी मस्टर खरं करा

मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर, पेन्सिलनं भरलेलं दिसलं की मला पुढचं सगळं कळतं. मी गेली चौदा वर्षं कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या छोट्या वर्कशॉपांचे पगार, पीएफ (भविष्यनिर्वाह निधी), ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) ही कामं बघतोय. मालक लोक वाईट नसतात, बरेचसे स्वतः मशीनवर उभं राहून वर आलेत, पण कायदा म्हटलं की त्यांना वाटतं हे इन्स्पेक्टर आल्यावर बघायचं काम, आणि घोळ तिथंच होतो. सुरुवातीच्या काळात मीही एका ठिकाणी महिनाअखेरीला सुपरवायझर सांगेल तशी हजेरी मांडायचो, आणि एका पोराचे दोन दिवस खाडे लागले. त्यानं खिशातल्या छोट्या डायरीत रोजची वेळ लिहून ठेवली होती, ओव्हरटाइमसकट. लेबर ऑफिसात ती डायरी आणि आमचं मस्टर शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा साहेबांनी डायरीवर विश्वास ठेवला, आणि बरोबरच केलं. तेव्हापासून माझं सगळ्यांना एकच सांगणं, हजेरी रोजची रोज, पेननं, आत यायची आणि बाहेर जायची वेळ लिहून. बायोमेट्रिक असेल तर चांगलंच, पण त्याची महिन्याची प्रिंट काढून सही घेऊन ठेवा.

मग माणसं मोजा. खरी मोजा, कारण कुठला कायदा लागतो ते या आकड्यावर ठरतं. पाच झाले की कामगार कल्याण निधी, जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराचे २५ आणि तुमचे ७५ रुपये. दहा झाले की ईएसआय, ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना द्यायची रक्कम), लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाले की पीएफ आणि बोनस. आणि मोजताना फक्त पगारपत्रकावरची माणसं धरायची नाहीत, कॉन्ट्रॅक्टरची पोरं, झाडूवाल्या मावशी, अर्धा दिवस येणारा अकाउंटंट हे सगळे येतात. १९ वर थांबवून विसावा माणूस रोखीत ठेवायचा प्रकार मी भरपूर बघितलाय, कुणीतरी नाराज होऊन सोडतो आणि तोच जाऊन सांगतो. एकदा २० झाले आणि नंतर १७ राहिले तरी पीएफ सुटत नाही हेही लक्षात ठेवा.

ईएसआयबद्दल जरा जास्त बोलतो कारण यात माणसाचं आयुष्य अडकलेलं असतं. २१,००० पर्यंत पगार असलेल्याची नोंद कामावर आला त्याच दिवशी करा, "आधी महिनाभर टिकतोय का बघू" हे नको. पॉवर प्रेसवर बोट जाणारा बहुतेक वेळा नवाच पोरगा असतो, हात बसलेला नसतो, घाई असते. कामावरच्या अपघाताला ईएसआयमध्ये आधी इतके महिने हप्ते भरलेले पाहिजेत अशी अट नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी उपचार आणि सुट्टीच्या काळात पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. पण नोंदच नसेल तर? माझ्या माहितीत एका ठिकाणी अपघात सकाळी अकराला आणि नोंद दुपारी दोनला केली होती, ऑफिसनं वेळ बघितली आणि प्रश्न सुरू झाले, तोपर्यंत ते पोरगं खासगी हॉस्पिटलात आणि बिल मालकाच्या अंगावर. नोंद न केल्यामुळे ईएसआयला जो खर्च येतो तो मालकाकडून वसूल करायचीही कायद्यात सोय आहे. आणि हे सगळं वाचवायला लागतं किती, १४,००० पगारावर तुमचे ४५५ रुपये आणि कामगाराचे १०५.

पीएफमध्ये तोच १४,००० धरला तर दोघांचे १,६८० प्रत्येकी, तुमच्यातले १,१६६ पेन्शनला जातात. चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, ईएसआयचंही तेच. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न विचारा, आधी कुठे पीएफ कापत होते का, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आहे का. आधीचा सभासद असेल तर पगार १५,००० च्या वर असला तरी त्याचा पीएफ चालू ठेवावा लागतो, इथं भरपूर जण चुकतात. आधार, बँक पासबुक आणि तुमचं रजिस्टर यात नाव एकसारखं आहे का ते तेव्हाच बघा, एका अक्षराच्या फरकानं पाच वर्षांनी बिचाऱ्याचा क्लेम अडकतो. आणि मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायचा नाही, कुठल्याही नावानं नाही. घेतानाच स्पष्ट सांगा की पगार इतका, कटिंग इतकं, हातात इतके पडणार.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झालेत, त्यात छोट्या मालकाला थेट लागणाऱ्या गोष्टी तीन-चारच आहेत. नेमणूक पत्र द्यायचं, एक पानाचं मराठीत असलं तरी चालतं, पण काम, पगार, तारीख आणि दोघांच्या सह्या पाहिजेत. बेसिक (मूळ पगार) कमी दाखवून बाकी सगळं भत्त्यात टाकायची जुनी युक्ती आता चालत नाही, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरची रक्कम वेतनातच धरतात. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. आणि माणूस सोडून गेला किंवा तुम्ही काढला तर त्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, "दिवाळीनंतर ये हिशेबाला" हे बंद.

किमान वेतनाचा विशेष भत्ता, म्हणजे महागाईचा भाग, दर जानेवारी आणि जुलैला बदलतो, तेव्हा कॅलेंडरवर त्या दोन महिन्यांना आत्ताच खूण करून ठेवा आणि नवीन आकडा काढून पगार तपासा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, चहा-वडापाव देऊन तो फिटत नाही. दिवाळीला मिठाईचा बॉक्स आणि पाकीट दिलं तरी तो बोनस म्हणून रजिस्टरला दिसला पाहिजे, कमीत कमी ८.३३ टक्के, आणि वर्षात ३० दिवस काम केलेल्यालाही प्रमाणात.

उचल, म्हणजे पगारावरचा ॲडव्हान्स. यावरून जितकी भांडणं मी सोडवलीत तितकी कशावरूनच नाहीत. पोरीच्या शाळेसाठी पाच हजार, गावाकडं आजारपण म्हणून दोन हजार, मालक मोठ्या मनानं खिशातून देतो आणि लिहीत नाही, मग सहा महिन्यांनी दोघांचे आकडे वेगळे. एक साधी वही करा, तारीख, रक्कम, सही, दर महिन्याला कापले किती आणि राहिले किती, ते पगाराच्या चिठ्ठीवर पण लिहा. सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका.

बायका कामाला असतील तर, किंवा नसतील तरी, दहा माणसांना अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्या तरी महिला, एक बाहेरची जाणकार व्यक्ती. नाही केली तर ५०,००० पर्यंत दंड आहे, पण दंडापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की पॅकिंगला बसणाऱ्या ताईला त्रास झाला तर बोलायचं कुणाशी हे तिला भिंतीवर लिहिलेलं दिसलं पाहिजे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा ऐकून काही मालक लग्न झालेल्या मुली घ्यायलाच नको म्हणतात, त्यांना मी सांगतो की ईएसआयमध्ये असलेल्या बाईला ते पैसे ईएसआय देतं, तुमच्या खिशातून जात नाहीत. तिला काढून टाकलंत तर मात्र तुम्ही अडचणीत.

ग्रॅच्युइटीचा हिशेब दरवर्षी करून बाजूला पैसे टाका. शेवटचा पगार भागिले २६ गुणिले १५, हे एका वर्षाचं. १३,००० ला ७,५०० होतात, आठ वर्षांना ६०,०००. कायम माणसाला पाच वर्षं नोकरीची अट, पण कामगार वारला तर ती अट नाही, घरच्यांना पैसे द्यायचेच.

आधीच चुकलं असेल तर मागच्या तारखांचे कागद बनवू नका. एका मालकांकडे वीसचा आकडा होऊन आठ महिने झाले होते, पीएफचं रजिस्ट्रेशन नव्हतं, कुणीतरी सल्ला दिला की मस्टरच नवीन लिहून टाका. आम्ही जुनं मस्टर तसंच ठेवलं, खरी तारीख टाकून नोंदणी केली, आठ महिन्यांचे पैसे १२ टक्के व्याजासकट भरले, दंडाची नोटीस आली तीही भरली. त्यांना सेकंड हँड लेथ घ्यायची होती ती वर्षभर पुढं ढकलावी लागली. त्याच वर्षी त्यांच्याकडचा एक टर्नर हार्ट अटॅकनं गेला, आणि त्याच्या बायकोचं पीएफमधलं पेन्शन सुरू झालं.