ट्यूब प्रीअॅम्पला हेडफोनसाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जोडताना या चुका टाळा

घरी बांधलेला ट्यूब प्रीअॅम्प पुढच्या अॅम्पसोबत सुंदर वाजतो. त्याच आउटपुटला हेडफोन लावला की मात्र आवाज एकदम चिरका आणि पोकळ होतो. ट्यूब बिघडलेली नसते. आउटपुटवरचा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४७ हजार ओहमच्या लोडला साडेतीन हर्ट्झपर्यंत साथ देतो. ३२ ओहमच्या हेडफोनला तोच कपॅसिटर सुमारे ५,००० हर्ट्झच्या खालचं सगळं कापत जातो. शिवाय इतका कमी ओहमचा लोड छोट्या ट्रायोडला (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असलेल्या साध्या ट्यूबला) सरळ झेपतच नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा यावरचा अगदी योग्य उपाय आहे. पण तो जोडण्याआधी एक गोष्ट नक्की करा: प्रायमरीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या ट्यूबकडच्या गुंडाळीतून (हेडफोनकडची ती सेकंडरी), डीसी जाणार आहे की नाही? पुढच्या निम्म्याहून जास्त तक्रारी या एका प्रश्नाशी येऊन थांबतात.

डीसीचा विचार न करता प्रायमरी जोडणं

ट्यूबची प्लेट आणि बी-प्लस (ट्यूबला लागणारा उच्च व्होल्टेजचा डीसी सप्लाय) यांच्यामध्ये प्रायमरी टाकली की ट्यूबचा सगळा स्थिर प्रवाह तिच्यातून वाहतो. सिंगल-एंडेड (डीसी एकाच दिशेने वाहणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये यासाठी मुद्दाम गॅप ठेवलेली असते. पुश-पुलच्या, टोरॉइडल किंवा १०० व्होल्ट लाइनच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ती सहसा नसते. तिथे काही मिलिअँपिअर डीसीसुद्धा कोअर सॅच्युरेट करायला, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपवायला, पुरतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: हळू आवाजात सगळं ठीक वाटतं, पण व्हॉल्यूम वाढवला की ढोल किंवा बेस गिटारच्या ठोक्यावर आवाज फाटतो, आणि वरचे सूर मात्र स्वच्छ राहतात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा हा बदल करणाऱ्याने पॅराफीडच, म्हणजे कपॅसिटरमार्गे जोडणीच, करावं. प्लेटचा रेझिस्टर आहे तिथेच राहू द्या. प्लेटवरून कपॅसिटर, कपॅसिटरनंतर प्रायमरीचं एक टोक आणि दुसरं टोक ग्राउंडला. डीसी कपॅसिटरपाशीच अडतो, ट्यूबचं बायस (ट्यूबचा स्थिर प्रवाह ठरवणारं ग्रिडचं व्होल्टेज) बदलत नाही आणि गॅप नसलेला ट्रान्सफॉर्मरही चालतो. पॉवर थोडी कमी मिळते, पण हेडफोनला काही मिलिवॅट पुरतात.

इथे कपॅसिटरच्या आकड्यात घाई नको. तो आणि प्रायमरीचा इंडक्टन्स मिळून रेझोनन्स तयार होतो. २० हेन्रीसोबत १ मायक्रोफॅरड लावला तर तो ३६ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे नेमका ऐकू येणाऱ्या बेसमध्ये फुगवटा. ४.७ लावला तर तो १६ हर्ट्झवर उतरतो. कपॅसिटर फिल्मचा घ्या, व्होल्टेज रेटिंग बी-प्लसपेक्षा भरपूर वर ठेवा. तो शॉर्ट झाला तर बी-प्लस प्लेट रेझिस्टरमार्गे थेट प्रायमरीत येतो.

प्लेट रेझिस्टर काढला, पण बायस तसंच ठेवलं

गॅप असलेला ट्रान्सफॉर्मर हाताशी असेल तर लोक ४७ हजार ओहमचा प्लेट रेझिस्टर काढून तिथे प्रायमरी बसवतात आणि काम झालं असं समजतात. १२एयू७ (एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे दोन सेक्शन असलेली ट्यूब) घेऊन पाहा. बी-प्लस २५० व्होल्ट आणि प्रवाह अडीच मिलिअँपिअर असेल तर रेझिस्टरवर ११७ व्होल्ट पडत होते, प्लेटला १३३ च मिळत होते. प्रायमरीचा डीसी रोध काहीशे ओहम, म्हणजे आता प्लेट जवळजवळ पूर्ण २५० वर. डेटाशीटमध्ये या व्होल्टेजला ग्रिड उणे साडेआठ व्होल्ट आणि प्रवाह साडेदहा मिलिअँपिअर दिला आहे. हे २.६ वॅट झाले आणि एका सेक्शनची मर्यादा आहे २.७५. बायस ठरवणारा कॅथोड रेझिस्टर ८०० ओहमच्या खाली गेला की प्लेट तापून लाल व्हायची वेळ येते. नव्याने हिशोब करा आणि थोडं सुरक्षित बाजूला, १ हजार ओहमच्या आसपास राहा.

आणि सप्लाय? फिल्टरमधल्या १० हजार ओहमच्या रेझिस्टरवर आधी दोन्ही सेक्शन मिळून ५ मिलिअँपिअरला ५० व्होल्ट पडत होते. २० मिलिअँपिअरला २०० पडतील. तो रेझिस्टर बदलावा लागेल, त्याचं वॅटेज वाढवावं लागेल, आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर तेवढा प्रवाह देतो का तेही पाहावं लागेल.

ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा लोडशी न जुळवणं

५ हजार : ८ ओहम असं लिहिलेलं असलं म्हणजे ट्यूबला ५ हजारच दिसतील असं नाही. इम्पीडन्सचं गुणोत्तर ६२५, टर्न्सचं २५. त्याच सेकंडरीला ३२ ओहम लावले तर ट्यूबला २० हजार दिसतात. ३०० ओहम लावले तर पावणेदोन लाखांच्या वर. ट्रायोडला जास्त लोड आवडतो, त्यामुळे २० हजार उत्तमच. पण इथे बेसची अडचण येते. प्रायमरी १० हेन्रीची असेल तर १२एयू७ च्या ७.७ हजार प्लेट रोधासोबत बेस ९० हर्ट्झच्या आसपासच उतरू लागतो. दोन्ही सेक्शन पॅरलल केले तर ही सीमा ५० पर्यंत येते. १२एएक्स७ चा प्लेट रोध ६० हजारांच्या पुढे असतो. त्यामुळे ती या कामाला घेऊच नका. ईसीसी८८ चा ३ हजारांच्या आत असतो, ती चांगली.

वेगवेगळे हेडफोन वापरणार असाल तर सेकंडरीवर ३३ ओहमचा रेझिस्टर कायमचा लावा. मग ३२ चा हेडफोन असो की ३०० चा, ट्यूबला १० ते १९ हजारांच्या दरम्यानच लोड दिसतो.

जुन्या, चिठ्ठी नसलेल्या ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर कळत नाही. ६.३ व्होल्टचा एसी प्रायमरीला द्या आणि सेकंडरीवर मोजा. २५:१ असेल तर पाव व्होल्ट येईल. उलट कधी देऊ नका: सेकंडरीला ६.३ दिले तर प्रायमरीच्या उघड्या टोकांवर दीडशेच्या वर व्होल्ट उभे राहतात.

सेकंडरी अधांतरी सोडणं

याबाबतीत तडजोड नको. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन आतून फुटलं तर सेकंडरीवर बी-प्लस येतो, आणि ती तार तुमच्या डोक्यावर असते. दोन्ही चॅनलच्या सेकंडरीचं एकेक टोक जॅकच्या स्लीव्हला आणि चॅसिसला पक्कं सोल्डर करा. चॅसिसला मेन्सचं अर्थिंग हवंच. जॅकची टिप डाव्या चॅनलला, रिंग उजव्या चॅनलला.

गायकाचा आवाज मध्यभागी न राहता दोन्ही बाजूंना विरघळत असेल तर एका चॅनलची सेकंडरी उलटी लागली आहे. तिची दोन टोकं बदला.

हम आला की आधी फिल्टर वाढवणं

बऱ्याचदा हम, म्हणजे सततचा घूं आवाज, हवेतून येतो, मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून. चॅसिसला भोकं पाडण्याआधी तपासा: मेन्स ट्रान्सफॉर्मरची सगळी सेकंडरी टोकं नीट इन्सुलेट करून फक्त त्याला वीज द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कुठेही न जोडता त्याच्या सेकंडरीला हेडफोन लावा आणि तो ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवा. एका कोनात घूं आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तिथे पेन्सिलने खूण करा.

आधीच्या सर्किटमध्ये आउटपुटवरून फीडबॅक घेतलेला असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या आधीच ठेवा. सेकंडरीवरून घेतला तर किंचाळी सुरू व्हायची शक्यता मोठी.

पहिल्यांदा चालू करताना हेडफोनऐवजी ३३ ओहमचा रेझिस्टर लावा. कॅथोडवरचे व्होल्ट मोजून प्रवाह काढा, जॅकच्या टिप आणि रिंगवर चॅसिसच्या तुलनेत डीसी शून्य आहे ना ते पाहा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी हेच आकडे पुन्हा घ्या. काही बदलायचं असेल तर वीज काढल्यावर फिल्टर कपॅसिटर उतरल्याची मीटरवर खात्री करूनच आत हात घाला.